सातवी पिवळी साडी

"खाकी, करडा, नाहीतर मळकट हिरवा," मी फोन गेडामकाकांच्या नाकासमोर धरला. "असं स्पष्ट लिहून पाठवलं होतं मी. वाचलंही मंडळाच्या बायकांनी. हा बघा, अंगठा आलाय."

वनरक्षक गेडामकाकांनी फोनकडे पाहिलंच नाही. ते फाटकाकडे बघत होते. फाटकासमोर वणीहून आलेली ट्रॅक्स उभी होती आणि तिच्यातून एकेक बाई उतरत होती. पहिली हळदीसारखी पिवळी. दुसरी लिंबासारखी पिवळी. तिसरीच्या साडीला जरीचे काठ होते, त्यामुळे ती उन्हात पितळी घागरीसारखी चमकत होती.

"नवरात्र हाय ना बाप्पा," काका म्हणाले. "आज पिवया रंग हाय. माही बायकोबी सकायपासून पिवयीच फिरून राहिली."

मी कपाळावर हात मारला. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या मुलीला फुलपाखराला कोणते रंग दिसतात हे पाठ असतं, पण आज नवरात्राचा कोणता रंग आहे हे बघायचं सुचत नाही.

ही आठ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा पांढरमाळ म्हणजे चुनखडीवरचा गवताळ माळ. माती पांढरट, पाऊस पडून गेला की खाली खडूसारखा लगदा, आणि वर गुडघाभर गवत. नावाला एखाददुसरा मोह, बाकी सगळं उघडं आभाळ. आश्विनात त्या गवतात इतकी बारीक रानफुलं येतात की फुलपाखरांची जत्राच भरते. मी दोन हंगाम तिथे फुकट भटकले होते. वनखात्याला तिथे 'फुलपाखरू फेरी' सुरू करायची होती आणि फेरीला एक वाटाडी हवी होती. ती मी व्हावं, एवढीच माझी इच्छा होती.

पण आधीचे साहेब बदलून गेले होते आणि नव्या रेंजर मेश्राम मॅडम भारी कडक, असं ऐकलं होतं. आजची फेरी ही परीक्षा होती. मॅडम स्वतः येऊन बघणार होत्या. पसंत पडली तर फेरी चालू आणि मी कामावर. नाही पडली तर माळाला कुलूप, आणि मी दसऱ्यानंतर नागपूरला, आतेभावाच्या लॅबमध्ये लोकांच्या रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला. बाबांनी आतेभावाला तसा शब्दही देऊन ठेवला होता.

"मॅडम कधी येणार?" मी काकांना विचारलं.

"येतीन ना. फाटकावर मी हावोच."

तोवर पिवळा घोळका माझ्यापर्यंत पोचला. पुढे प्रमिलाताई ढवस. कॉलनीच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष, आवाज असा की पलीकडच्या गावातले बैल थांबावेत.

"तूच का गं ती फुलपाखरंवाली? रेवती ना? अगं, किती वाळलीस! कुंदा, हिला आधी एक लाडू दे."

कुंदाताईंनी पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढला. माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. त्या अनवाणी होत्या.

"काकू, चपला? इथे कुसळं आहेत, खडी आहे."

"नऊ दिवस नाही घालत गं मी. देवीचं व्रत आहे."

"मी बूट घालून या असं लिहिलं होतं."

"देवीला नाही ना लिहिलं तू," प्रमिलाताई म्हणाल्या, आणि सगळ्या जणी खो खो हसल्या.

मंडळाने सहा जणी येणार असं कळवलं होतं. मी नजर फिरवली. सात होत्या. मंडळ म्हटलं की एखादी जाऊ, एखादी नणंद ऐनवेळी जास्त यायचीच. मला तर बरंच वाटलं. सातातल्या एकीने तरी माझा निरोप पाळला होता. चष्मा लावलेल्या, पन्नाशीच्या, मागे मागे राहणाऱ्या एक काकू होत्या, त्यांच्या पिवळ्या साडीखाली कॅनव्हासचे बूट होते आणि साडी चांगली वीतभर वर खोचलेली होती.

त्या काकू फाटकातून आत आल्या तेव्हा गेडामकाकांचं काहीतरी बिनसलं. त्यांच्या हातातला चहा अर्धा बुटावर सांडला. काका एरवी झाडाशीसुद्धा गप्पा मारतात. त्या वेळी मात्र ते काही न बोलता घाईने चौकीत गेले. मला वाटलं, इतक्या बायका एकदम बघून लाजले असतील.

मी नियम सांगितले. पायवाट सोडायची नाही. फुलपाखराला हात लावायचा नाही. हळू बोलायचं. आणि कुणी मागे एकटं राहायचं नाही.

"हळू म्हणजे किती हळू?" प्रमिलाताईंनी विचारलं. ते ऐकून जवळच्या झुडपातले दोन व्होले उडून गेले.

पहिला अर्धा तास फार वाईट गेला. छाया नावाची त्यांच्यातली सर्वांत तरुण बाई दर पाच पावलांनी सगळ्यांना थांबवून फोटो काढत होती. "फुलपाखरं कुठंयत?" असं सगळ्या जणी मलाच विचारत आणि माझ्या उत्तराआधी कुणाच्या तरी सुनेचा विषय निघे. मी सारखी फाटकाकडच्या रस्त्यावर नजर ठेवून होते. सरकारी जीप येताना धूळ उडेल, ती उडाली की घोळक्याला निदान गप्प तरी करायचं, असा माझा बेत होता.

मग एक गंमत झाली. गवतातून नखाएवढी पिवळी फुलपाखरं उठली आणि सरळ छायाच्या पदराकडे आली. एक आलं, दोन आली, मग अजून. ती पदराभोवती घिरट्या घालायला लागली. छाया हलली की तिच्यामागे, थांबली की तिच्याभोवती.

"अगं आई! काय करू?"

"काही नाही. उभी राहा." माझाच आवाज बारीक झाला होता. "नर आहेत ते. पिवळं काही दिसलं की मादी आहे का म्हणून बघायला येतात."

मग प्रमिलाताई कुजबुजल्या. त्यांना कुजबुजता येतं हे त्यांच्या मैत्रिणींनाही नवीन होतं. "छाया, स्थळं आली गं तुला."

"यातला एखादा नोकरीवाला बघा," कुंदाताई म्हणाल्या.

हसू दाबताना सगळ्या गदगदत होत्या, पण जागची हलली मात्र एकही नाही. त्यानंतर घोळका खरोखर हळू चालायला लागला. कुणाच्या साडीवर किती पिवळी येतात याची चढाओढ लागली. खाकी घालून आलेल्या माझ्याकडे एकही आलं नाही.

चष्मेवाल्या काकू मात्र त्या खेळात नव्हत्या. त्या खाली वाकून काहीतरी बघत होत्या आणि बघता बघता पायवाट सोडून चांगल्या चार पावलं आत गेल्या.

"काकू!" मी ओरडले. "वाटेवर या. त्या गवतात लाव्यांची घरटी असतात."

त्या सरळ उभ्या राहिल्या. "मी बघून पाय टाकते आहे."

"सगळेच बघून टाकतात. तरी अंडी फुटतात."

"नियम सगळ्यांना सारखाच का?"

"सगळ्यांना. रेंजर मॅडम आल्या ना, त्यांनाही."

काकूंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि आज्ञाधारकपणे आपल्याच पावलांवरून परत वाटेवर आल्या. मला वाटलं, उगाच जास्त बोलले. वयाने मोठ्या आहेत.

रुईच्या झुडपांपाशी मी सगळ्यांना थांबवलं. हा माझ्या फेरीचा हुकमी एक्का होता. रुईवर नारिंगी पंखांचं एक फुलपाखरू निवांत बसलं होतं.

"हा कडवा. याची अळी रुईची पानं खाते, म्हणून हा अंगानं कडू. पक्षी एकदा चोच लावतो आणि पुन्हा त्या रंगाच्या नादी लागत नाही. आता तिकडे बघा, त्या दगडावर."

दगडावर तसंच नारिंगी फुलपाखरू पंख उघडून बसलं होतं.

"तोच की," छाया म्हणाली.

"तो नाही. ती चांदव्याची मादी. जात वेगळी, नातंही नाही. हिची अळी खाते घोळ."

"घोळीची भाजी?" प्रमिलाताईंनी मान डोलावली. "मग ही चवीला बरी लागत असेल."

"पक्ष्यांना फार आवडते. म्हणून तर हिने कडव्याचा रंग घेतला."

"म्हणजे शेजारणीची साडी नेसून बाजारात गेली म्हण ना! आणि हिचा नवरा?"

नर थोड्या अंतरावर होता. काळाभोर, पंखांवर जांभळट कडेचे पांढरे ठिपके. तो दाखवल्यावर सगळ्यांनी त्याच्याकडे आणि मग तिच्याकडे पाहिलं.

"जोडा काही शोभत नाही," कुंदाताई म्हणाल्या. "पण दिसायला बरा आहे."

चष्मेवाल्या काकूंनी पहिल्यांदाच प्रश्न विचारला. "आपण सोंग करतोय हे तिला माहीत असतं का?"

"नाही हो. तिच्याकडे कुठे आरसा आहे? ज्या माद्या कडव्यासारख्या दिसत गेल्या त्या वाचल्या, एवढंच. ती काहीच करत नाही. फसतात ते बघणारे."

"मग ओळखायचं कसं?"

"साडी बघायची नाही," मी जरा तोऱ्यात म्हणाले, कारण सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. "रंगावर भुललं की संपलं. बारीक खूण बघायची. मागच्या पंखाच्या मधोमध काळे ठिपके असले तर कडवा. मधला भाग कोरा असला की समजायचं, पाहुणी आहे."

काकूंच्या ओठांवर हसू आलं. माझं शिकवणं आवडलं असेल, असं समजून मीही हसले.

परतीच्या वाटेवरच्या मोहाखाली डबे उघडले. उपासवाल्यांसाठी साबुदाण्याची उसळ, बाकीच्यांसाठी आलूभात. मी जरा बाजूला जाऊन गेडामकाकांना फोन लावला.

"काका, मॅडम आल्या का?"

पलीकडे काका दोनदा खाकरले.

"तू आपलं काम कर ना माय."

"पण आल्या की नाही?"

"मी काईच बोलत नाई." फोन बंद.

म्हणजे नाहीतच आल्या. इतकी छान फेरी, आणि बघायला कुणी नाही. इकडे प्रमिलाताईंचं राज्य चालू होतं.

"कुंदाच्या जाऊबाई, जरा तेवढे डबे खंगाळता का? तुमचा उपासही नाही आणि आमच्यासारखं तुमचं तोंडही चालत नाही."

चष्मेवाल्या काकूंनी डबे गोळा केले आणि कॅनच्या पाण्याने स्वच्छ खंगाळले. तळाशी राहिलेला आलूभात त्यांनी तिथे टाकला नाही, कागदात बांधून पिशवीत ठेवला. हे मी पाहिलं, आणि मनात म्हटलं, मंडळात एक तरी शिस्तीची आहे.

परतताना सगळ्या खुशीत होत्या. साड्यांचे काठ चुनखडीने पांढरे झाले होते. अनवाणी कुंदाताई सर्वांत पुढे, जणू घरच्या अंगणात चालत असाव्यात तशा. फाटकाशी ट्रॅक्सचा ड्रायव्हर वाट बघत होता. गेडामकाका त्याच्याशेजारी सुतकी चेहऱ्याने उभे होते. सरकारी जीप कुठेच नव्हती.

बायका गाडीत बसल्या. मी दाराशी उभी राहून निरोप घेत होते आणि सवयीने डोकी मोजली. सहा.

"एक कमी आहे," मी म्हणाले.

"कोण?"

"त्या चष्मेवाल्या. कुंदाताई, तुमच्या जाऊबाई."

"माझी जाऊ?" कुंदाताई चक्रावल्या. "माझी जाऊ अमरावतीला असते. त्या प्रमिलाताईंच्या वहिनी ना?"

"माझ्या वहिनीला मी डबे घासायला लावीन होय?" प्रमिलाताई कडाडल्या. "ती जन्मभर ऐकवेल मला. छाया, तुझ्या शेजारच्या आहेत त्या."

"मला वाटलं तुम्ही बोलावलं. मी तर सकाळपासून मावशी मावशी करतेय."

"नाव काय त्यांचं?" मी विचारलं.

सगळ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, मी वणीहून सहाच आणल्या. ती बाई इथंच झाडाखाली बसून होती."

नाव माहीत नसलेली, कुणाचीच नसलेली एक बाई मी पहिल्याच फेरीत माळावर हरवली होती. पश्चिमेच्या अंगाला जुन्या चुनखाणीचे खड्डे आहेत. मॅडम आल्या नाहीत हे आता नशीबच वाटायला लागलं. आल्या असत्या तर याच फाटकावर मला हाकलून दिलं असतं.

"काका, चला माझ्याबरोबर!"

"मी फाटक सोडून कसा येऊ," काका आभाळाकडे बघत म्हणाले. "तूच जाऊन पाय बरं. रुईकडं असतीन."

मी धावले. कुसळं मोज्यात घुसली, धाप लागली. मोह गेला, तिथे कुणी नव्हतं. रुईची झुडपं आली. त्यांच्या पलीकडे, पायवाटेच्या अगदी कडेला, पिवळी साडी दिसली. काकू उकिडव्या बसल्या होत्या.

"काकू!" माझा आवाज फाटला. "काय सांगितलं होतं मी? एकटं मागे राहायचं नाही! तिकडे सगळ्या खोळंबल्यात, माझा जीव गेला इथे! उठा आधी, चला!"

त्यांनी मागे न बघता एक बोट वर केलं. थांब.

मी त्यांच्या बोटापलीकडे पाहिलं. जमिनीलगत घोळ पसरली होती, आणि तिच्यावर नारिंगी मादी पोट वाकवून बसली होती. मागचा पंख मधे कोरा. चांदवा. ती उडाली, वीतभर पुढे बसली, पुन्हा पोट वाकवलं.

दोन हंगामांत मी हे कधी पाहिलं नव्हतं. पुस्तकात वाचून लोकांना सांगत होते, घोळीवर अंडी घालते म्हणून. खरोखर घालताना आत्ता पहिल्यांदा बघत होते.

तिकडे ट्रॅक्सचा हॉर्न वाजला. मला निघायला हवं होतं, त्यांना उठवायला हवं होतं. मी हळूच खाली बसले.

"तुमची सावली पडतेय तिच्यावर," मी पुटपुटले. "जरा डावीकडे सरका."

काकू सरकल्या. पुन्हा हॉर्न. मग प्रमिलाताईंची हाक, हॉर्नपेक्षा मोठी. मादी आणखी एका फांदीवर गेली, मग आणखी एका, आणि मग वाऱ्यावर निघून गेली. आम्ही दोघींनी एकदमच मान खाली घातली. पानाच्या देठाशी फिकट हिरवा थेंब. खसखशीच्या दाण्याएवढा.

"हे अंडं?" काकूंनी विचारलं.

"हो."

थोड्या वेळाने धाप बसली आणि मला पुन्हा नोकरी आठवली. "काकू, तुम्ही नेमक्या कुणाबरोबर आलात?"

"कुणाबरोबरच नाही. एसटीने आले. फाटकाशी बसले होते तर त्या बायकांनी हाताला धरून आत आणलं, लाडू दिला. कुणी विचारलंच नाही काही."

"तुम्ही तरी सांगायचं!"

"सांगणारच होते. पण मग बघावंसं वाटलं."

आम्ही फाटकाशी पोचलो. गाडीतल्या बायका खाली उतरून कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. पण त्यांच्याआधी गेडामकाका पुढे आले, टाचा जुळवल्या आणि इतका कडक सॅल्यूट ठोकला की त्यांची टोपी तिरकी झाली.

"जय हिंद, मेश्राम मॅडम! माफी असावी. सकायी तुमी डोयानं दटावलं म्हणून तोंड शिवून बसलो होतो. पोट फुगून गेलं माहं."

मी मॅडमकडे पाहिलं. मग त्यांच्या बुटांकडे. कॅनव्हासचे, हिरवट, जंगलखात्याचे बूट. सकाळपासून दिसत होते मला.

"अगं बाई," प्रमिलाताई मटकन ट्रॅक्सच्या पायरीवर बसल्या. "मी रेंजरकडून डबे घासून घेतले!"

"आलूभात छान होता," मॅडम म्हणाल्या.

"पण मॅडम, सोंग का घेतलंत?" माझ्या तोंडून गेलं.

"मी कुठे सोंग घेतलं? आमच्या कार्यालयातही आज सगळ्या पिवळ्यातच आहेत. मी काहीच केलं नाही. फसले ते बघणारे." त्यांनी चष्मा पुसला. "सहाच्या सात झाल्या, ते तुला दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"विचारलं का नाहीस?"

"सगळ्या पिवळ्याच होत्या म्हणून..." मी थांबले.

मॅडमनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. माझ्या डोळ्यांपुढे रक्ताच्या नळ्या रांगेत उभ्या राहिल्या. शेवटी कुंदाताईच पुढे झाल्या. "मॅडम, पोरगी रागावते खूप, पण सांगते छान. मी अनवाणी चालले सबंध माळ, एक काटा लागला नाही. हिनं वाटच तशी धरली होती."

"मलाही रागावली," मॅडम म्हणाल्या. "दोनदा. आणि तिसऱ्यांदा मला बाजूला सरकवलं." मग माझ्याकडे वळून, "दसऱ्याला काय बेत आहे?"

"नागपूरला जायचं आहे. कदाचित."

"जाऊ नकोस. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कार्यालयात ये, सोनं द्यायला. येताना प्रमाणपत्रं आण. आणि पुढच्या फेरीपासून, साडी कुठलीही असो, माणूस कुणाचं ते आधी विचारायचं."

प्रमिलाताईंनी हरखून जी आरोळी ठोकली, तिने माळावरचे उरलेसुरले व्होलेही उडाले. त्या दिवशी मॅडम एसटीने परत गेल्या नाहीत. ट्रॅक्समध्ये, छाया आणि कुंदाताईंच्या मधे, लाडू खात वणीला गेल्या.

आता मेश्राम मॅडम निवृत्त झाल्यात. पांढरमाळाखेरीज आणखी तीन माळांवर फेऱ्या चालतात, तिथल्या वाटाड्या मुलामुलींचं काम बघणं माझ्याकडे आहे. माझ्या कार्यालयातल्या कपाटात फायलींच्या खालच्या कप्प्यात नऊ रंगांच्या नऊ साड्या घडी करून ठेवलेल्या आहेत. नवरात्रात एखाद्या फाटकाशी झाडाखाली जाऊन बसलं की झालं. कुठलं तरी मंडळ हाताला धरून आत नेतंच.

बूट तेवढे मी आधी बदलते.